सहा दगडी घरं आणि एक नानिवडेकर

माणसाच्या पाकिटात बायकोचा फोटो असतो, पोराबाळांचा असतो, नाहीतर कुलदैवताचा. नानिवडेकरांच्या पाकिटात घरांचा फोटो होता. काळपट दगडाची, एकमेकांना चिकटलेली, एकाच उंचीची सहा घरं. पुढे गुडघाभर उंचीची भिंत, वर ढगाळ आभाळ, आणि फोटोत औषधालासुद्धा माणूस नाही. नव्या माणसाशी ओळख होऊन चार मिनिटं झाली की नानिवडेकर पाकीट उघडायचे. मग तो न्हावी असो, मध विकणारा येमेनी असो, नाहीतर सरकारी खिडकीमागचा कारकून.

एकदा आम्ही दोघं इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी पासपोर्ट कचेरीत उभे होतो. आमच्या मागे तीस-चाळीस माणसं घामाघूम. खिडकीतल्या सौदी कारकुनाने नानिवडेकरांच्या पाकिटाकडे नुसतं पाहिलं, तेवढं निमित्त पुरलं. यांनी फोटो काढून काचेला लावला आणि व्याख्यान सुरू केलं. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर तुझं?" नानिवडेकर म्हणाले, "इन्शाल्ला." मागची माणसं पाच भाषांत काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तर दोन पावलं बाजूला सरकून, मी यांच्याबरोबर नाही असा चेहरा केला.

नानिवडेकर आमच्या खमीस मुशैतच्या ऑफिसात ड्रॉइंग रूमचे प्रमुख. ऑफिस शाळा, पाण्याच्या टाक्या, सरकारी क्वार्टर्स यांची डिझाइन्स करायचं. मी तिथे स्ट्रक्चरल इंजिनियर, मूळचा नाशिकचा. ते संगमनेरचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अविवाहित. त्यांचं आडनाव अरबांच्या जिभेला झेपणारं नव्हतं, म्हणून सगळं ऑफिस त्यांना 'मिस्टर नानी' म्हणायचं, आणि हे गृहस्थ खुशाल ओ द्यायचे. माझ्यासारख्याने चार वेळा आडनाव सुधारून सांगितलं असतं.

आता त्या घरांविषयी. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी कंपनीने नानिवडेकरांना ड्रॉइंग्ज कशी सांभाळावीत हे शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे एका खेड्यात मिसेस डॉसन नावाच्या म्हातारीकडे ते राहिले. किती दिवस? अकरा. अहो, अकरा दिवसांत साधं पडसं धड बरं होत नाही! पण नानिवडेकरांनी ते अकरा दिवस वीस वर्षं पुरवून खाल्ले. ते विणकरांची घरं म्हणून सुरू करायचे. मग वरच्या मजल्यावरच्या ओळीने खिडक्या, कारण मागाला उजेड लागतो. मग छपरावरच्या दगडी फरशा, खाली मोठ्या आणि वर जाता जाता लहान. मग मधल्या दारावरचा, बांधल्याचं साल कोरलेला दगड. मग सरकारने ही सगळी रांग जपायच्या यादीत कशी घातली आहे, आणि खिडकीचा रंग बदलायचा तरी परवानगी कशी लागते. आमच्या नाशिकच्या गल्लीत एकाने रातोरात अख्खी भिंत दोन फूट पुढे घेतली आणि नगरपालिकेला ते नऊ वर्षांनी कळलं. त्यामुळे रंगाच्या परवानगीचं कौतुक मला काही समजेना.

पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी म्हणालो होतो, "अहो नानिवडेकर, ही तर चाळ!"

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या ऑफिसातले माझे सगळ्यात सुखाचे दोन दिवस तेच.

या सगळ्यातून त्यांनी एक मंत्र उचलला होता: "दर्शनी बाजूला हात लावायचा नाही! आत काय ते करा." हा मंत्र त्यांनी जगातल्या प्रत्येक वस्तूला लावला. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन तीनदा बदललं, पण पुढचा चेपलेला पत्रा तसाच. खजुराची बी चावताना त्यांच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा पडला, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. इजिप्शियन डॉक्टर म्हणाला, दहा मिनिटांत टोपी बसवतो. नानिवडेकरांनी तोंड मिटून घेतलं. "पुढचं राहू द्या. मागची दाढ दुखते, ती बघा." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आमच्या राहायच्या खोल्या ऑफिसच्या मागेच होत्या. सिमेंटच्या ठोकळ्यांची एक बुटकी लांबट इमारत आणि ओळीने सहा दारं. सहाच! या योगायोगाने नानिवडेकरांचं डोकं पार फिरलं. त्यांनी स्वखुशीने प्रत्येक दारावर पितळी आकडा ठोकला. एक नंबरात मेसचे लतीफभाई, तीनमध्ये ते, चारमध्ये मी. बाकीच्या खोल्यांत माणसं यायची, वर्ष-दोन वर्षं काढायची आणि जायची. त्यांना आकड्यांची गंमत वाटायची. मला लाज वाटायची. पाहुणा आला की विचारायचा, "हे हॉटेल आहे का?"

लतीफभाई श्रीवर्धनचे. माणूस मोठ्या मनाचा, पण तापट. एका ईदच्या आधी त्यांनी आपल्या खोलीचं दार हिरवंगार रंगवलं. नानिवडेकर ब्रश वाळायच्या आत हजर.

"लतीफभाई, हे काय केलंत? सहाही दारं एका रंगाची हवीत."

"का हवीत?"

"तिकडे लगेच पत्र येतं. आधी परवानगी, मग रंग."

"अहो नानी, दार माझं, ईद माझी. तुम्हाला एवढंच असेल तर तुम्हीच पाठवा पत्र!"

आणि या माणसाने पाठवलं! दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या दारावर टाइप केलेली नोटीस, खाली सही, जावक क्रमांक, आणि सोबत दाराचं मापासकट ड्रॉइंग. लतीफभाईंनी ती नोटीस महिनाभर डाळीच्या पातेल्याखाली घातली. दार हिरवंच राहिलं आणि नानिवडेकर तिकडून जाताना मान वळवून चालायचे.

तीन आणि चार नंबरमधली भिंत इतकी पातळ होती की पलीकडे चमचा पडला तरी इकडे कळायचं. आमचं ऑफिस दुपारी तीन तास बंद असायचं. जेवून मी आडवा व्हायचो, आणि नेमका तेव्हा नानिवडेकरांचा खोकला सुरू व्हायचा. खमीस उंचावर, थंडीत धुकं खोलीत शिरायचं, त्यांची छाती आधीच नाजूक. पण झोपेच्या वेळी माणूस एवढा विचार करत नाही. मी चप्पल उचलून भिंतीवर दोनदा आपटायचो. खोकला थांबायचा. मग पलीकडून उशीत तोंड खुपसून खोकल्यासारखा बारीक आवाज यायचा, आणि मी झोपायचो.

यावरही त्यांच्याकडे इंग्लंडची गोष्ट तयार होती. "तिकडे तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, सोनवणेसाहेब. संध्याकाळपर्यंत पाचही घरांतून एकेक माणूस येऊन गेला. कुणी सूप आणलं, कुणी गरम पाण्याची पिशवी. एक म्हातारा तर नुसता पेपर घेऊन येऊन बसला, बोलला काहीच नाही. सामाईक भिंत, साहेब. खोकला पलीकडे ऐकू जातो."

"इथेही जातो," मी म्हणालो. या उत्तरावर मी दिवसभर खूश होतो.

दुपारच्या सुटीनंतर मी डोळे चोळत टेबलावर बसलो की नानिवडेकर सहीसाठी ड्रॉइंग्जचा गठ्ठा आणायचे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात 'तपासले' असा एक चौकोन असतो आणि त्यात इंजिनियरची सही लागते. ती झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. नानिवडेकरांच्या कामात चूक नसायची, हे मी पहिल्या वर्षीच ओळखलं. त्यामुळे गठ्ठा कोपऱ्यातून उलगडायचा आणि फर्रफर्र सह्या करत सुटायचं, ही माझी पद्धत. ते बाजूला उभे राहून दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "साहेब, एकदा पाहून घ्या." नऊ वर्षं, दर वेळी! मी त्यांच्या इतर खुळांत याही खुळाची भर घातली होती.

माझी आई नाशिकला दुसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, कानाने कमी ऐकू यायचं. दर शुक्रवारी मी फोनवर ओरडायचो, "आई, जिना उतरू नकोस! पुढच्या वर्षी तळमजल्याची जागा बघतोच!" पुढचं वर्ष काही आलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा माझा पासपोर्ट कसल्याशा कामात कचेरीत अडकलेला. मला जाता आलं नाही. त्या दिवशी नानिवडेकर माझ्या खोलीत आले, खुर्चीवर तासभर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. उठताना मात्र दारात थांबून विचारलं, "आईंना खिडकी कुठल्या दिशेची आवडायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पूर्वेची!" मी खेकसलो आणि दार लावून घेतलं. नंतर लतीफभाईंना म्हणालो, "हा माणूस आहे की काय? माझी आई गेली आणि याला खिडक्या सुचतायत!" लतीफभाई माझ्यापुढे चहा ठेवून आत गेले.

पुढे सौदीकरणाचे दिवस आले. रियाधच्या ओलाया भागातल्या मोठ्या ऑफिसांतून लोक घरी गेल्याच्या बातम्या आम्ही आधी ऐकत होतो. मग ते वारं आमच्या डोंगरावरही चढलं. आधी रिसेप्शन, मग सरकारी कामांचा माणूस, आणि मग एका रविवारी नोटीस लागली की ड्रॉइंग रूमची जागा आता सौदी माणसासाठी. नानिवडेकरांना एक महिना. माझी इंजिनियरची जागा तूर्त शाबूत होती, आणि खरं सांगतो, नोटीस वाचून मी आधी माझ्यापुरतं हुश्श केलं.

नवा माणूस सालेह. जवळच्याच गावचा, तिशीचा, तीन मुलांचा बाप, वागायला फार सभ्य. त्याचा राग धरावा अशी त्याने काही सोयच ठेवली नव्हती. पण नानिवडेकरांनी जे आरंभलं ते मला बघवेना. त्यांनी आपली खुर्ची पुसून त्याला दिली. कागद कोपऱ्यातून कसा उचलायचा, कपाटात ओल धरू नये म्हणून काय करायचं, कुठला ठेकेदार जुनं ड्रॉइंग नवं म्हणून खपवतो, सगळं. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजीसुद्धा अर्धी त्याला. मी म्हणालो, "अहो, तुमच्या जागेवर आलाय तो! थोडं तरी अडवून ठेवा." नानिवडेकर म्हणाले, "बाहेरून ड्रॉइंग रूम तशीच राहायला हवी, साहेब. आतला माणूस बदलतो."

मेसमध्ये लतीफभाईंनी सरळच विचारलं, "नानी, जाणार कुठे? संगमनेरला?"

"तिथे भावाच्या मुलांचे संसार आहेत आता. माझ्या खोलीत धाकट्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे."

"मग?"

"रांगेत," असं म्हणून त्यांनी पाकीट चाचपलं.

मी मोठ्याने हसलो. साठीला आलेला माणूस, बॅगा भरायला घेतलेला, आणि डोकं कुठे, तर अकरा दिवस पाहिलेल्या विणकरांच्या घरात! "व्हिसा कोण देणार तुम्हाला? मिसेस डॉसन?" मी म्हणालो. नानिवडेकर म्हणाले, "मिसेस डॉसन गेल्या. सहा वर्षं झाली कार्ड आलं नाही." आणि भात कालवायला लागले. मी हसायचं थांबलो, पण मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात सालेह एक मोठा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. ड्रॉइंग रूम ताब्यात घेताना रजिस्टरातला एकेक क्रमांक कपाटातल्या कागदाशी ताडून पाहायचा असतो. तेवढं काम तो इमानाने करत होता.

"मुहंदिस," तो इंजिनियरला म्हणतात तसं मला म्हणाला, आणि पुढचं इंग्रजीत, "ही साइट कुठे आहे? रजिस्टरात क्रमांक आहे, पण प्रोजेक्टचं नाव नाही. चौदा वेळा दुरुस्ती झाली आहे. चौदाही वेळा तपासणारे तुम्ही."

कागदावर ती सहा घरं होती. दगडन् दगड हाताने काढलेला. बाकी सगळं काम कॉम्प्युटरचं. गठ्ठ्यात हा एकटा कागद शाईचा, आंधळ्यालाही वेगळा कळावा असा. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात एकाखाली एक चौदा वेळा माझी सही, माझ्या हाताची, फर्रफर्र.

हे मॅनेजरसमोर गेलं तर नानिवडेकर आठवड्याने विमानात बसणार, आणि जबाब मी देणार. मी मनात त्यांचा उद्धार करायला सुरुवात केली. सालेह मात्र पाचव्या घरावर बोट ठेवून उभा होता. "इथे माझं नाव आहे," तो म्हणाला. "अरबीत लिहिलंय. बाकीचं मला वाचता येत नाही. तुम्ही वाचून सांगाल?"

बाकीचं मराठीत होतं.

दुरुस्त्यांचा तक्ता उजव्या बाजूला होता. मी वाचायला लागलो. 'एक नंबर: लतीफभाई. ओट्याची उंची वाढवली, त्यांना कंबरेचा त्रास आहे. दार हिरवे (विशेष परवानगी).' 'दोन नंबर: रिकामे. जो येईल त्याचे.' 'सहा नंबर: मिसेस डॉसन. आहे तसेच.' सगळ्यात ताजी दुरुस्ती पाचव्या घरावर होती, शाई अजून गडद. 'पाच नंबर: सालेह. मुले तीन, माळ्यावर झोपायची सोय केली.' मी त्याला ते सांगितलं. त्याने आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मुलं तीन आहेत, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

चार नंबरवर माझं आडनाव होतं. त्याखाली आठ वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत लिहिलं होतं, 'सोनवणेसाहेबांच्या आईंना जिना चढवत नाही. झोपायची खोली तळमजल्यावर घेतली.' आणि चार वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत, 'आईंच्या खोलीला मागील बाजूस पूर्वेची खिडकी दिली. खोली त्यांचीच राहील.' शेजारी माझी सही. तपासले.

त्या ऑफिसात सह्या करणाऱ्यांत मराठी वाचता येणारा मी एकटा. नऊ वर्षं तो माणूस गठ्ठ्यात हा कागद घालून माझ्या टेबलाशी उभा राहत होता आणि म्हणत होता, साहेब, एकदा पाहून घ्या. मी माझ्या आईला पाच वर्षं तळमजला दाखवत होतो. भिंतीपलीकडे ऐकणाऱ्याने तो देऊन टाकला होता. मला माझी इतकी लाज वाटली की सालेहसमोर डोळे पुसायचीही लाज वाटेना.

सालेहने रजिस्टर उघडलं आणि प्रोजेक्टच्या नावाच्या रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंस? "जुनं काम," तो म्हणाला. "चालू आहे."

त्या दुपारी मी खोलीवर गेलो नाही. कागद टेबलावर पसरला आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा एखादं ड्रॉइंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासलं. मापं जुळत होती. जिन्याच्या पायऱ्या बरोबर, छपराच्या फरशा खाली मोठ्या आणि वर लहान. नानिवडेकरांच्या तीन नंबरच्या घरात मात्र एक खाट, एक टेबल आणि एक खुर्ची होती. दुसरी खुर्ची नव्हती. त्या घराला चौदा दुरुस्त्यांत एकही दुरुस्ती नव्हती.

मी लाल पेन्सिल घेतली. तीन आणि चारच्या मधल्या भिंतीवर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'येथे दार हवे.' मग सही केली.

नानिवडेकर ड्रॉइंग रूममध्ये कपाटांचे कप्पे पुसत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा वर करून लाल खुणेकडे. मला वाटलं, आता मंत्र येणार, म्हणून मीच घाईने म्हणालो, "आतली भिंत आहे, नानिवडेकर. दर्शनी बाजूला हात लागत नाही."

त्यांना खोकला आला. त्यांनी सवयीने तोंडावर हात दाबला, आणि मी म्हणालो, "खोका हो, खोका." ते खोकले. मग रुमालाने डोळे टिपले आणि कागदावर वाकले.

"दार कुठल्या बाजूला उघडणार, ते दाखवलं नाहीत तुम्ही, साहेब."

"तुमची खोली लहान आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे उघडू द्या."

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, आणि माझ्या घरात दाराचा पाव गोल काढला.